खांबेट्यांचं व्रत

आमच्या गावाचं नावच स्टेट कॉलेज. भारतात कुणाला पत्ता सांगितला की हमखास विचारतात, "कॉलेजचं कळलं हो, पण गाव कुठलं?" पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत वसलेलं हे गाव म्हणजे एक मोठं विद्यापीठ आणि त्याच्या जिवावर चालणारी चार दुकानं. मी तिथे लायब्ररीत नोकरी करत होते आणि माझा नवरा कुमार धातुशास्त्र शिकवत होता. मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण तेवढ्यातही आमच्यात एक सत्पुरुष आहे असा सगळ्यांचा समज होता. त्यांचं नाव पुरुषोत्तम खांबेटे.

ते सत्पुरुष कसे झाले ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण झाले माझ्याच स्वयंपाकघरात. १९७९ सालचा गणपती आमच्याकडे होता. खांबेटे नुकतेच गावात आले होते. नागपूरचे, रस्ते आखणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर, बोलायला मोजके. संध्याकाळची आरती व्हायची होती, मोदक अजून पात्रात होते, आणि हे गृहस्थ उठून बूट घालायला लागले. मी सोडते की काय! दारच अडवून उभी राहिले. म्हटलं, "आरती नाही, प्रसाद नाही, असं कसं जाता येईल?" ते नुसतेच खिडकीबाहेर बघत राहिले. तेवढ्यात त्यांची बायको पद्मजा पुढे झाली आणि म्हणाली, "त्यांचं व्रत आहे हो. सूर्य मावळल्यावर घराबाहेर थांबत नाहीत."

मी दारातून बाजूला झाले. व्रत म्हटलं की मराठी माणूस पुढे विचारत नाही. कसलं व्रत, कधीपासून, कुणी सांगितलं, असं काही विचारायचं म्हणजे आपल्यालाच पाप लागायचं.

मग त्या एका वाक्याला पानं फुटली, फुलं आली. कुणी म्हणालं, त्यांना औदुंबरच्या कुणा महाराजांचा अनुग्रह आहे. कुणी म्हणालं, वडिलांच्या आजारपणात बोललेला नवस आहे. आमच्यापैकी निम्मे लोक बीफ बर्गर खाऊन ढेकर देणारे, पण दुसऱ्याच्या व्रताचा अभिमान बाळगायला काय जातं? हळूहळू मंडळाचे सगळे कार्यक्रम खांबेट्यांच्या सूर्यास्ताला धरून ठरायला लागले. गणपतीची प्रतिष्ठापना त्यांच्याच हातून व्हायला लागली. ज्या माणसाने मुंजीनंतर संध्या केली नव्हती, तो दर भाद्रपदात सोवळं नेसून आमच्या पाटावर बसू लागला.

मला हे सगळं ढोंग वाटायचं आणि मी ते तोंडावर बोलायचेही. कर्मकांडाने माझं डोकं फिरतं. याला कारण माझ्या सासूबाई. त्या सहा महिने आमच्याकडे राहून गेल्या आणि त्या सहा महिन्यांत ताट वाढण्यावरून त्यांनी मला नकोसं केलं. मीठ वर मधोमध, त्याच्या डावीकडे लिंबू, मग चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. भाताची मूद समोर. एक जिन्नस जागा चुकला की ताट परत. त्या विमानात बसल्या त्या दिवशी मी कागदी प्लेटांचा मोठा गठ्ठा आणला आणि ती ताटं तळघरात ठेवून दिली. नंतर आमच्याकडे पन्नास माणसं जेवोत, जो तो आपल्या प्लेटमध्ये हवं ते हवं तिथे वाढून घ्यायचा. खांबेटेही कधी आलेच तर उन्हं असताना उभ्या उभ्या दोन घास खायचे, डोळा घड्याळावर. पाहुण्याला यजमानाने "सावकाश होऊ द्या" म्हणायचं असतं. त्यांना ते म्हणायची सोयच नव्हती.

आता खरी गोष्ट सांगते. व्रतबित काही नव्हतं. खांबेट्यांना रात्री दिसत नव्हतं.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं जायला लागतं, नजर आक्रसत आक्रसत येते आणि शेवटी सगळंच जातं. फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी त्यांना हे स्वच्छ सांगितलं होतं. त्यावर औषध नाही हेही सांगितलं होतं. त्यांचे वर्ध्याचे मामा असेच गेले, म्हणजे आंधळे होऊन गेले. मामा सायकल सोडून पायी फिरायला लागले, मग कुणाचा तरी हात धरून, आणि गावाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. अमेरिकेत मात्र गाडी चालवता येत नाही तो माणूस पांगळाच. दुधाची बाटली आणायची तरी गाडी काढावी लागते. म्हणून खांबेटे पहाटे उजाडलं की निघायचे, दिवस मावळायच्या आत घरी यायचे. हिवाळ्यात तर ऑफिसातून साडेतीनलाच. हातात बाराही महिने छत्री. भर बर्फात छत्री घेऊन फिरणाऱ्या या माणसाला आम्ही हसायचो. ती छत्री पुढची पायरी चाचपायला होती, हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आणि रस्त्याच्या प्रत्येक वळणावर चमकणाऱ्या पट्ट्या लावा म्हणून ते ऑफिसात भांडायचे, ते कुणासाठी, हेही नाही.

लपवायचं ठरवलं ते पद्मजाने, आणि ते स्वतःसाठी नव्हतं. त्यांना एकच मुलगी, विनीता. पद्मजाचं म्हणणं एवढंच होतं की हा रोग रक्तातून उतरतो हे एकदा चार लोकांत झालं, की पोरीच्या नावापुढे ते कायमचं चिकटेल. उद्या तिला बघायला कोण येणार? खांबेट्यांनी बायकोला शब्द दिला. विनीतालाही गप्प राहायला शिकवलं. अंधारात बापाच्या कोपराला हलकेच हात लावून चालायचं ती पाचव्या वर्षापासून शिकली होती, कुणाला कळू न देता.

हे मला ज्या हिवाळ्यात कळलं तो १९८६चा. त्या नोव्हेंबरात विनीता, वय वर्षं पंधरा, माझ्या लायब्ररीत आली. म्हणाली, "शरयूमावशी, मला हेल्प पाहिजे. हिस्टरीचा प्रोजेक्ट आहे. फेमस ब्रिटिश लोक, आणि त्यांच्यात डिसेबल्ड कोणाला म्हणायचं." मी तिला पुस्तकं काढून दिली, आणि दोन दिवसांनी आणखी दोन घेऊन त्यांच्या घरी गेले. रविवारची दुपार होती. पद्मजा आईच्या आजारपणासाठी नागपूरला गेली होती. बापलेक जेवणाच्या टेबलाशी वाद घालत बसली होती.

"नेल्सन अपंग?" खांबेटे चिडले होते. त्यांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "एक हात गेला, एका डोळ्याची नजर गेली, तरी आरमार जिंकून दाखवलं त्याने. अपंग कसला? ज्याचं काम अडतं तो अपंग."

"पण वेजवुडचं काम अडलं ना, बाबा," विनीता म्हणाली. "तो पॉटर होता. पाय खराब झाला, मग चाक किक करता येईना. मग त्याने डिझाइन केलं, फॅक्टरी काढली. म्हणजे तो आधी डिसेबल्ड होता आणि नंतर नव्हता? दॅट्स सिली. पाय तर परत आला नाही. उलट नंतर कापला."

मी म्हटलं, लंडनमध्ये एक आंधळा न्यायाधीश होता, तो म्हणे चोरांना आवाजावरून ओळखायचा. विनीताने एक पान उघडलं आणि बापाकडे न बघता सांगायला लागली. जॉन मेटकाफ, यॉर्कशायरचा. सहा वर्षांचा असताना देवीच्या साथीत दोन्ही डोळे गेले. मोठेपणी त्याने मैलोन् मैल रस्ते बांधले. हातात लांब काठी घेऊन एकटा डोंगर चढायचा, काठीने जमीन ठोकून बघायचा. दलदल लागली तिथे झुडपांच्या मोळ्या अंथरल्या आणि त्यावर रस्ता घातला.

"मोळ्या?" खांबेटे पुढे सरकले. "बरोबर आहे. भार पसरतो." मग म्हणाले, "पुढे वाच."

पुढे एक गोष्ट होती. एकदा अंधार पडल्यावर एका परक्या गृहस्थाला दुसऱ्या गावी जायचं होतं. वाट दाखवायला मेटकाफ निघाला. आपल्याला दिसत नाही हे त्याने सांगितलं नाही. रात्रभरात त्याला सुखरूप पोचवलं. खाणावळीत गेल्यावर त्या गृहस्थाला मालकाकडून कळलं की आपला वाटाड्या ठार आंधळा आहे. तेव्हा तो म्हणाला, असं सांगतात, की आधी माहीत असतं तर कितीही पैसे दिले असते तरी मी याच्याबरोबर आलो नसतो.

"बघ," खांबेटे म्हणाले. "म्हणून नाही सांगितलं त्याने."

"तो आंधळा होता म्हणून लोक भ्यायले नसते, बाबा," विनीता म्हणाली. "त्याने लपवलं म्हणून तो माणूस घाबरला."

मला वाटलं, बापलेक पुस्तकावर बोलताहेत. मी पुस्तकं ठेवली आणि घरी आले.

डिसेंबरात, पद्मजा अजून नागपुरातच असताना, गारठलेला पाऊस पडला आणि झाडं, तारा, रस्ते सगळ्यांवर काचेसारखा बर्फ चढला. फोनच्या तारा तुटल्या. खांबेटे गावाबाहेरच्या रस्त्यावर राहायचे, तिथे दोनच घरं भारतीयांची. शेजारच्या घरात प्रल्हाद नावाचा पीएचडी करणारा मुलगा, त्याची बायको रेखा आणि त्यांची दीड वर्षाची मुलगी. प्रल्हाद गाडी घेऊन पिट्सबर्गला अडकला होता, आणि रेखाला गाडी चालवता येत नव्हती. विनीता शाळेतून मैत्रिणीकडे गेली होती आणि रस्ते निसरडे म्हणून तिथेच थांबली होती. त्यानंतर जे झालं ते मला पुढे रेखानेच सांगितलं.

दिवस मावळताना तिच्या मुलीला ताप चढला आणि झटके यायला लागले. फोन बंद. ती पोरीला ब्लँकेटमध्ये गुंडाळून घसरत, धडपडत खांबेट्यांच्या दारात आली. "काका, गाडी काढा!"

खांबेटे दारात उभे राहिले. बाहेर काळोख झाला होता.

"मी नाही काढू शकत," ते म्हणाले.

रेखाला वाटलं, व्रत. तिने पोरीला एका हाताने छातीशी धरलं आणि खाली वाकून दुसऱ्या हाताने त्यांचे पाय धरले. "काका, पाया पडते. आजच्या दिवस मोडा. पाप लागेल ते मला लागू दे."

ती मला म्हणाली, "मावशी, त्यांचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला." त्यांनी तिला उठवलं. "व्रत नाही गं," ते म्हणाले. "मला दिसत नाही. अंधारात मला काहीच दिसत नाही. गाडी काढली तर तुम्हाला दोघींना मारीन. टॉर्च घे. पोरगी माझ्याकडे दे."

पलीकडे शेताच्या कडेने एका म्हाताऱ्या अमेरिकन शेतकऱ्याचं घर होतं. ती वाट खांबेटे रोज दुपारी छत्रीने चाचपत चालायचे. पुढे नजर जाणार, तेव्हा पायांना माहीत असावी म्हणून. त्या वाटेने रेखा टॉर्च घेऊन पुढे आणि ते मुलीला घेऊन मागे, असे गेले. वाटेत ते एकदा गुडघ्यांवर पडले, पण पोरीला वरच धरून पडले. शेतकऱ्याने ट्रकच्या चाकांना साखळ्या बांधल्या आणि सगळ्यांना हॉस्पिटलात नेलं. पोर वाचली. दुसऱ्या दिवशी ती हसत होती.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून खांबेट्यांनी रेखाकडून वचन घेतलं, की डोळ्यांचं आणि ते अंधारातून बरोबर आल्याचं कुणाला सांगायचं नाही, अगदी प्रल्हादलाही नाही. विनीताचं लग्न व्हायचं आहे, पद्मजाला शब्द दिला आहे. ज्या माणसाने आपली पोर उचलून नेली, त्याने मागितलेलं वचन रेखा कशी मोडणार? ती गप्प राहिली.

प्रल्हाद परत आला. त्याला एवढंच दिसलं, की खांबेट्यांच्या गॅरेजमध्ये गाडी धडधाकट उभी होती आणि त्याची बायको आजारी पोरीबरोबर बर्फातून चालत गेली. का, असं विचारल्यावर रेखा खाली बघायची. मग त्याने आपलं उत्तर आपणच शोधलं आणि आठवड्याभरात ते सगळ्या घरांत पोचलं. पोर मरायला टेकली तरी या माणसाने व्रत मोडलं नाही! कालपर्यंत ज्यांच्या पाया पडत होते, त्यांच्यावर लोक थुंकायला तयार झाले. मीही तोंडाला येईल ते बोलले. ढोंगी म्हणणारी मी पहिली, आता माझा शब्द खरा ठरला होता ना! खांबेट्यांच्या कानावर सगळं गेलं. लोकांनी आपल्याला निर्दय म्हटलेलं त्यांनी चालवून घेतलं, मुलीच्या नावाला डोळ्यांचा डाग लागू नये म्हणून.

जानेवारीत आमच्याकडे संक्रांतीचा तिळगूळ होता. मला वाटलं, ते येणार नाहीत. पण आले. पद्मजा परत आली होती, ती, ते आणि विनीता. तळघरातल्या मोठ्या खोलीत सगळे जमले होते. कुणी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला नाही. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत छत्री गुडघ्यांशी धरून बसले. मुलांचा कार्यक्रम होता, प्रत्येकाने दोन मिनिटं मराठीत बोलायचं. कुणी शिवाजीवर बोललं, कुणी डिस्नेलँडवर. मग विनीता उभी राहिली.

"मी जॉन मेटकाफबद्दल बोलणार आहे," ती म्हणाली. "तो इंग्लंडमध्ये रस्ते बनवायचा आणि तो ब्लाइंड होता." तिने वाटाड्याची गोष्ट सांगितली, अडखळत, निम्मी इंग्रजीत. मग म्हणाली, "टीचरने विचारलं होतं, हू काउंट्स, कोणाला मोजायचं? मी खूप नावं लिहिली. एक नाव लिहिलं नाही, कारण मी आईला प्रॉमिस केलं होतं. ते ब्रिटिश नाहीत. ते पण रस्ते बनवतात. माझे बाबा. त्यांना रात्री दिसत नाही. आणि नंतर दिवसा पण दिसणार नाही. व्रत नाही आहे. कधीच नव्हतं. आणि प्रल्हादकाका, तुमच्या बेबीला त्यांनी उचलून नेलं, कारण ड्राइव्ह केलं असतं तर ती मेली असती."

"विनी!" पद्मजा किंचाळली.

रेखा रडायला लागली. "खरं आहे," ती म्हणाली. "सगळं खरं आहे. मला त्यांनी शपथ घातली होती." प्रल्हाद उठून उभा राहिला, आणि काय करावं ते न कळून तसाच उभा राहिला. मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालंच, "म्हणजे घराण्यात आहे की काय?" पद्मजाने ते ऐकलं. तिने पदर तोंडावर घेतला.

पुढचं आधीच सांगून टाकते. पद्मजा लेकीशी महिनाभर बोलली नाही. ज्या घरातून विनीतासाठी सहज म्हणून विचारणा होत असे, तिथली विचारणा थांबली. खांबेट्यांनी आपण होऊन लायसन्स परत केलं. कंपनीतला एक सहकारी त्यांना रोज सकाळी घेऊन जायचा, आणि १९८९ साली नकाशावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. आमच्या लोकांनी त्यांच्याकडून पुन्हा कधी गणपती बसवून घेतला नाही. व्रताला मान होता, आजाराला कीव होती, आणि मधलं काही आम्हाला येतच नव्हतं. याचा मला आजही संताप येतो.

पण त्या संध्याकाळी खांबेटे उठले नाहीत, एवढं मला सांगायचं आहे. तळघराच्या खिडक्या काळ्या झाल्या होत्या. त्यांची जायची वेळ केव्हाच टळली होती. विनीता त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती, त्यांच्या कोपराला हात लावून, आता सगळ्यांसमोर. लोकांनी कागदी प्लेटा भरल्या. कुणीतरी एक प्लेट त्यांच्याही हातात दिली. त्या मंद दिव्यात मी पाहिलं, गुळाची पोळी भाजीच्या रश्शात भिजली होती, आणि त्यांची बोटं कडेकडेने काहीतरी शोधत होती, कुणाला दिसू नये अशी.

मी उठले. सासूबाईंची ताटं त्याच खोलीच्या कपाटात होती. एक काढलं, वर नेऊन धुतलं, पुसलं. मीठ वर मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबू, मग तिळाची चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मूद समोर, त्यावर वरण, तूप. पोळी कडेला, कोरडी. एक जिन्नस जागा चुकू दिला नाही.

खाली आणून त्यांच्यासमोर छोटं टेबल ओढलं आणि ताट ठेवलं. कुठे काय आहे ते सांगितलं नाही. त्यांनी कडेला हात लावला, ताट आहे हे ओळखलं. मग त्यांचा हात सरळ डावीकडे गेला. चटणी बोटाला लावून त्यांनी चाखली, भात कालवला, उजवीकडची आमटी न चाचपता घेतली. ज्या घरात ते वाढले तिथे ताट असंच वाढत असतील.

"शरयूवहिनी," ते म्हणाले, "उशीर झाला हो आज."

मी त्यांच्यासमोर बसले. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

"सावकाश होऊ द्या," मी म्हटलं.